चार हंगाम स्वच्छ राहिलेला वाण पाचव्या वर्षी तांबेऱ्याला बळी कसा पडतो?

शेतातलाच_मी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गव्हाचा एक वाण चार हंगाम पेरला. माहितीपत्रकावर 'तांबेरा प्रतिकारक' असं ठळक छापलेलं होतं आणि ते खरंही होतं. शेजारच्या जुन्या वाणाची पानं नारिंगी व्हायची, हात फिरवला तर बोटांना पूड लागायची, आणि बांधाच्या अलीकडे माझा गहू हिरवागार. यंदा पाचवा हंगाम. ओंब्या निसवायला लागल्या तेव्हा खालच्या पानांवर फोड दिसले आणि पंधरा दिवसांत ते शेंड्याच्या पानापर्यंत चढले. गंमत अशी की शेजारच्या जुन्या वाणावर दरवर्षी असतो तेवढाच तांबेरा यंदाही आहे, जास्त नाही.

निम्मी पेरणी घरी राखलेल्या बियाण्याची होती, निम्मी नव्या पिशवीतली. दोन्हीकडे सारखीच अवस्था. ज्याला विचारावं तो म्हणतो, 'वाण जुना झाला, दम संपला.' मला हेच पटत नाही. बियाणं तेच, जनुकं तीच. मग प्रतिकारशक्तीला वय कसं होतं? ती झिजते की काय?

चहाटळ | सोमवार, रात्री ९.५२

वॉरंटी संपली असेल. माहितीपत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत बघा.

(विनोद पुरे. मला तरी बियाण्यात भेसळ वाटतेय.)

कवकवेडी | सोमवार, रात्री ११.१५

भेसळ नसावी. भेसळ असती तर रोगट आणि निरोगी झाडं एकमेकांत मिसळलेली दिसली असती. इथे सगळं शेत सरसकट धरलंय, तेही दोन वेगवेगळ्या बियाण्यांचं. आणि उत्तराचा मोठा धागा तुम्ही 'गंमत' म्हणून लिहून टाकलाय: जुना वाण नेहमीइतकाच रोगट आहे. म्हणजे यंदाची हवा तांबेऱ्याला फार अनुकूल होती असंही नाही.

तुमचं झाड बदललेलं नाही. त्यातलं प्रतिकाराचं जनुक चार वर्षांपूर्वी होतं तसंच आहे. बदलली आहे ती तांबेरा पाडणारी बुरशी. जरा विस्ताराने लिहिते.

प्रत्येक झाडाला बुरशीची ढोबळ ओळख जन्मतःच असते. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, झाडात ते नसतं. कायटिनचे तुकडे जाणवले की झाड सावध होतं. भित्तिका जाड करतं, कायटिन तोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतं. बहुतेक बुरशांचा प्रवास इथेच संपतो. ज्या रोगकारक म्हणून टिकल्या, त्यांनी यावर तोड काढली: त्या झाडात छोटी छोटी प्रथिनं सोडतात. यांना इफेक्टर म्हणतात. टोमॅटोच्या पानांवर मखमली डाग पाडणारी क्लॅडोस्पोरियम फुल्व्हम घ्या. तिचं एक इफेक्टर कायटिनचे सुटे तुकडे गोळा करतं, म्हणजे झाडाला चाहूलच लागत नाही. दुसरं तिच्या स्वतःच्या भित्तिकेवर बसून झाडाच्या विकरांपासून तिला झाकतं.

आता झाडाची दुसरी फळी. आपण ज्याला 'प्रतिकारक जनुक' म्हणतो ते बहुतेक वेळा अशा एखाद्या इफेक्टरला ओळखणारं प्रथिन बनवतं. एक जनुक, एक ओळख. इफेक्टर दिसलं की ती पेशी तिथल्या तिथे मरते. तांबेरा फक्त जिवंत पेशीवर जगतो, त्यामुळे भोवतालच्या पेशी मेल्या की तो उपाशी मरतो. तुमच्या निरोगी पानांवर भिंगातून बारीक फिकट ठिपके दिसले असते. ती या चकमकीची खूण.

म्हणजे तुमच्या गव्हाला 'तांबेरा' कळत नव्हता. त्याला तांबेऱ्याचं एक विशिष्ट प्रथिन कळत होतं. यंदा आलेल्या बुरशीत ते प्रथिन एकतर नाही किंवा ओळखू न येण्याइतकं बदललंय. पहारेकरी जागाच आहे, पण त्याला ज्या चेहऱ्याचं वर्णन दिलं होतं तो चेहराच आता येत नाही.

जुना_पैदासकार | मंगळवार, सकाळी ६.३०

कवकवेडीताईंनी नेमकं सांगितलं. थोडा इतिहास जोडतो.

रोगप्रतिकार मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत जातो हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ साली गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर दाखवलं. तेव्हा वाटलं, झालं काम, आता रोगमुक्त वाण काढायचे. पुढच्या दशकात मिनेसोटात स्टेकमन यांनी दाखवलं की खोडावरचा म्हणजेच काळा तांबेरा ही एक बुरशी असली तरी तिच्या अनेक 'जाती' आहेत. डोळ्यांना, सूक्ष्मदर्शकाला सगळ्या सारख्याच. फरक एवढाच, की कोणती कोणत्या वाणावर वाढते.

कोडं उलगडलं हॅरल्ड फ्लोर यांनी. माणूस नॉर्थ डकोटात जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करत होता. बाकीचे फक्त झाडांचे संकर करत, यांनी बुरशीचेही संकर केले. १९४०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत जोडीदार जनुक आहे. 'जनुकास जनुक' सिद्धांत तो हाच. त्यातली एक गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. बुरशीत 'रोग न पाडता येणं' हा प्रभावी गुण असतो आणि 'रोग पाडता येणं' हा अप्रभावी. म्हणजे प्रतिकार मोडायला बुरशीला नवं काही कमवावं लागत नाही. असलेलं गमवावं लागतं.

शंकासुर | मंगळवार, सकाळी १०.०५

वाचतोय. पण एक खटकलं. 'बुरशीने तोड काढली', 'बुरशीने चेहरा बदलला'. बुरशीला कळतं का समोर कोणता वाण आहे? चार वर्षं ती माझ्या... म्हणजे धागाकर्त्यांच्या शेताच्या बांधावर बसून विचार करत होती का? आणि काहीतरी गमावणं इतकं सोपं असेल तर पहिल्याच हंगामात का नाही गमावलं?

कवकवेडी | मंगळवार, दुपारी १.२०

हरकत मान्य. भाषा माझी घसरली. बुरशीला काही कळत नाही. ती फक्त संख्येने अफाट आहे.

समजा एखादं जनुक सहज नक्कल होताना बिघडण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे (आकडा निव्वळ हिशेबापुरता). तांबेऱ्याच्या एका फोडातून रोज हजारो बीजाणू उडतात. एका रोगट पानावर किती फोड, एका शेतात किती पानं, हिशेब तुम्हीच करा. बिघडलेले बीजाणू रोज तयार होतच असतात. जुन्या वाणावर त्यांना काही फायदा नसतो, ते गर्दीत हरवून जातात. प्रतिकारक वाणावर मात्र बाकी सगळे मरतात आणि तोच एक वाढतो. अनुकूल हवेत दहा-पंधरा दिवसांत पुढची पिढी, तीही त्याचीच हुबेहूब नक्कल.

मग पहिल्याच वर्षी का नाही? कारण वरच्या गणितात मी एक गोष्ट दडवली. गव्हावर वाढताना तांबेऱ्याच्या प्रत्येक पेशीत दोन वेगळी केंद्रकं असतात. म्हणजे त्या इफेक्टर-जनुकाच्या दोन प्रती. एक बिघडली तरी दुसरी इफेक्टर बनवतेच आणि झाड ते ओळखतंच. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर दोन्ही बिघडण्याची शक्यता दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. म्हणजे जवळपास अशक्य. पण एक प्रत आधीच मोडलेली असेल तर परत साधं दहा लाखांत एक! अशी अर्धी मोडकी बुरशी बाहेरून अगदी 'निरुपद्रवी' दिसते. कोणता वाण किती टिकेल हे आधी सांगता येत नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

हे कागदी गणित नाही. २०१७मध्ये खोडावरच्या तांबेऱ्याची अशी दोन इफेक्टर-जनुकं पहिल्यांदा ओळखली गेली. गव्हातल्या एसआर ३५ या जनुकाला जे इफेक्टर कळतं, त्याच्या जनुकात काही बुरशांमध्ये एक उडी मारणारा डीएनएचा तुकडा घुसून बसलेला सापडला. जनुक बंद. एसआर ५०ची गोष्ट तर आणखी सुरस. तिथे बुरशीची एक प्रत अशाच घुसखोरीने आधीच मोडलेली होती. मग केव्हातरी गुणसूत्राच्या मोठ्या तुकड्याची अदलाबदल झाली आणि चांगली प्रत गेली, दोन्हीकडे मोडकीच उरली. तिथून एसआर ५० असलेला गहू तिला मोकळा.

शंकासुर | मंगळवार, दुपारी २.०२

हे पटलं. 'बुरशी शिकते' यापेक्षा 'बुरशी गाळली जाते' हे जास्त पटलं. चाळणी आपणच लावतो.

रातराणी | मंगळवार, रात्री ८.१०

वाखूसा (वाचनखूण साठवली). हाच प्रकार बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यातही होतो ना? तिथे पण रानटी बटाट्यातून आणलेली जनुकं एकामागून एक पडली असं वाचलं होतं.

कवकवेडी | मंगळवार, रात्री ८.४५

होतो, आणि बरोब्बर तसाच. फक्त तो करपा आणणारी फायटोफ्थोरा ही बुरशी नव्हे. दिसते बुरशीसारखी, पण कुळ वेगळं, समुद्री शेवाळांच्या जवळचं. दोन लांबच्या घराण्यांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे गाठली.

जुना_पैदासकार | बुधवार, सकाळी ६.४५

काल विचारायचं राहिलं: धागाकर्ते, तुमच्या परिसरात हा वाण किती जण पेरतात?

शेतातलाच_मी | बुधवार, सकाळी ७.३०

पहिल्या वर्षी आम्ही दोघं-तिघं होतो. आता शेजारचे ते आजोबा सोडले तर जवळपास सगळे.

जुना_पैदासकार | बुधवार, सकाळी ११.२०

हेच ऐकायचं होतं. चांगला वाण स्वतःच्या यशानेच मरतो. तो जितका पसरतो तितकी शंकासुर म्हणतात ती चाळणी मोठी होते.

जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण एसआर ३१. राय या धान्याच्या गुणसूत्राची एक भुजा गव्हात आणली गेली. त्या एका भुजेवर चार जनुकं आली: काळ्या, नारिंगी आणि पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध एकेक, शिवाय भुरीविरुद्ध (पानांवर पांढरी पूड धरणारा रोग) एक. वर उत्पन्नही चांगलं. कोणता पैदासकार सोडेल? जगभरच्या वाणांत ती भुजा शिरली. पुढे बाकीची तीन जनुकं ठिकठिकाणी पडली, पण काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं एसआर ३१ दशकानुदशकं उभं राहिलं. इतकं, की काळा तांबेरा संपला असं लोक म्हणू लागले आणि त्यावर काम करणारे हात कमी झाले. १९९८मध्ये युगांडात एसआर ३१ असलेल्या गव्हावर काळे फोड दिसले. पुढच्या वर्षी त्या जातीला नाव मिळालं युजी ९९. तिथून केनिया, इथिओपिया, २००६मध्ये सुदान आणि येमेन, २००७मध्ये इराण.

ती आली कुठून हे २०१९मध्ये कळलं, आणि ते वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. ताई, ते तुम्हीच सांगा.

कवकवेडी | बुधवार, दुपारी १२.५०

सांगते, माझाही आवडता विषय. वर म्हटलं तसं तांबेऱ्यात दोन केंद्रकं. युजी ९९चा पूर्ण जनुकसंच वाचल्यावर दिसलं की तिचं एक केंद्रक ऑस्ट्रेलियात अनेक दशकं माहीत असलेल्या एका जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ अक्षरशः जुळतं. दुसरं पूर्ण वेगळं. म्हणजे केव्हातरी दोन वेगळ्या तांबेऱ्यांचे तंतू एकाच पानावर भेटले, जुळले आणि केंद्रकांची अदलाबदल झाली. लैंगिक प्रजोत्पादन नाही, जनुकांची फेरमांडणी नाही. अख्खं केंद्रकच बदललं.

लैंगिक मार्ग वेगळाच आहे. काळ्या तांबेऱ्याला त्यासाठी बार्बेरी (दारुहळदीच्या कुळातलं झुडूप) लागतं. हे जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६५मध्ये सिद्ध केलं. अमेरिकेने १९१८पासून बार्बेरी उपटायची मोहीम काढली. त्यामुळे वसंतातली पहिली लागण उशिरा होऊ लागली, शिवाय नव्या जातींची पैदासही मंदावली. बार्बेरीवर दर हंगामात पत्ते पिसले जात होते, ते थांबलं.

पत्ते पिसण्यात गव्हाच्या पानांवर करड्या चट्ट्यांचा रोग आणणारी झायमोसेप्टोरिया तर उस्ताद. तिथे २०१८मध्ये दाखवलं गेलं की जी बुरशी प्रतिकारक वाणावर रोग पाडू शकत नाही, तीसुद्धा त्याच पानावर दुसऱ्या यशस्वी बुरशीशी संकर करून आपली जनुकं पुढे पाठवू शकते. म्हणजे झाडाने 'हरवलेली' बुरशीही खेळातून बाद होतेच असं नाही.

चहाटळ | बुधवार, दुपारी १.०५

म्हणजे हरलेला उमेदवार दुसऱ्या पक्षातून निवडून येतो. ओळखीचं वाटतंय.

शंकासुर | बुधवार, दुपारी ३.३०

एक मूलभूत शंका. इफेक्टरमुळेच पकडली जाते, तर बुरशी सगळी इफेक्टर्स टाकून का देत नाही? उलट बाजूने विचारतो: काही प्रतिकारक जनुकं पाच वर्षांत पडतात आणि काही पन्नास वर्षं टिकतात, असं का?

कवकवेडी | बुधवार, रात्री १०.३०

दोन्हीचं उत्तर एकच: किंमत. टाकलेल्या इफेक्टरचं काम किती मोलाचं होतं यावर सगळं अवलंबून.

परत टोमॅटोकडे. क्लॅडोस्पोरियमचं एव्हीआर ९ हे इफेक्टर (बुरशीचं असं ओळखलं जाणारं पहिलं जनुक, १९९१मध्ये हाती आलं) सीएफ-९ जनुक असलेल्या टोमॅटोला कळतं. सीएफ-९ मोडणाऱ्या बुरशीत हे जनुक चक्क गायब असतं आणि तिचं काही बिघडत नाही. एव्हीआर ४ मात्र तेच, भित्तिकेला झाकणारं. ते फेकून देणं महागात पडेल. म्हणून तिथे एखाद्याच अमिनो आम्लाचा बदल दिसतो. प्रथिन थोडं डळमळीत होतं, झाडाला ओळखू येत नाही, पण कायटिनला चिकटायचं काम करतच राहतं. ओळख पुसली, नोकरी शाबूत.

तिसरी तऱ्हा लपवण्याची. मोहरीवर्गातल्या कॅनोलाच्या खोडाला पोखरणारी लेप्टोस्फेरिया आहे. तिच्यात एक इफेक्टर दुसऱ्याला झाकतं. पहिलं हजर असेल तर दुसरं समोर असूनही झाडाला दिसत नाही. झाडात पहिल्याला ओळखणारं जनुक आणलं की बुरशी पहिलं टाकून देते, आणि मग दुसरं उघडं पडतं! टोमॅटोच्या मर रोगाच्या फ्युजेरियमची तऱ्हाही जवळची: तिचं एक इफेक्टर टोमॅटोच्या एका प्रतिकारक जनुकाला जागं करतं आणि दुसऱ्या दोघांना झोपवतं. त्यामुळे कोणतं जनुक कोणाबरोबर लावायचं याला बुद्धिबळासारखा क्रम आहे.

याच लेप्टोस्फेरियाची आणखी एक खोड सांगून थांबते. तिची बरीचशी इफेक्टर-जनुकं डीएनएच्या ओसाड, पुनरावृत्तींनी भरलेल्या पट्ट्यांत बसलेली आहेत. पुनरावृत्त डीएनए खिळखिळा करून टाकण्याची एक यंत्रणा या बुरशीत आहे. ती शेजारच्या जनुकांवरही घसरते. घरसंसाराची जनुकं शांत वस्तीत, आणि बदलाची गरज असलेली जनुकं दंगलग्रस्त भागात. ऑस्ट्रेलियात रानटी नातेवाइकाकडून आणलेला कॅनोलाचा प्रतिकार २००३मध्ये असाच कोसळला, बाजारात येऊन जेमतेम काही वर्षं झाली असताना.

जुना_पैदासकार | गुरुवार, सकाळी ६.२०

टिकणाऱ्यांबद्दल मी लिहितो, कारण त्यात माझं एक पाप आहे.

गव्हात एसआर २ नावाचं जनुक आहे. अमेरिकेतले पैदासकार मॅकफॅडन यांनी १९२०च्या दशकात एमर या जुन्या प्रकारच्या गव्हातून आणलं. त्याने झाड निरोगी राहत नाही. फोड येतात, पण कमी आणि उशिरा. एलआर ३४ तसंच, मोठ्या झाडातच काम करतं. पण नारिंगी तांबेरा, पिवळा तांबेरा आणि भुरी, तिन्हींना एकदम आवर घालतं, आणि अर्ध्या शतकाहून जास्त टिकलंय. २००९मध्ये कळलं की ते ओळख पटवणारं प्रथिन नाहीच. पेशीतून पदार्थ इकडून तिकडे नेणारं एक वाहक प्रथिन आहे. ते एखाद्या इफेक्टरवर नजर ठेवून नाही, म्हणून चेहरा बदलून त्याला चुकवता येत नाही. फुकट मात्र काही नाही: एलआर ३४मुळे पानांची टोकं वाळतात. सातूमधलं एमएलओ तर प्रतिकारक जनुक नव्हेच, मोडलेलं जनुक आहे. भुरीला आत शिरायला झाडाचं जे प्रथिन लागतं तेच नाही. १९७९पासून शेतात आहे आणि अजून खंबीर. त्याचीही किंमत आहे, पानांवर आपोआप ठिपके पडतात.

आता पाप. आमच्या तांबेरा-वाफ्यांत हजारो ओळी लावायचो, संध्याकाळी बीजाणू फवारायचो, आणि तीन आठवड्यांनी वही घेऊन फिरायचो. पूर्ण स्वच्छ ओळ ठेवायची, फोड दिसला की कापायची. मी वर्षानुवर्षं हेच केलं. ज्या ओळींवर थोडेसेच आणि बारीक फोड होते, म्हणजे ज्यांच्यात हे हळू पण टिकाऊ सामर्थ्य होतं, त्या मीच उपटून टाकल्या. मोठं जनुक हजर असताना लहान जनुकं दिसतच नाहीत, आणि न दिसणारं नकळत गळून जातं. मग मोठं जनुक पडलं की वाण जुन्यापेक्षाही जास्त रोगट होतो. वनस्पतिरोगतज्ज्ञ व्हँडरप्लँक यांनी १९६३मध्येच याला व्हर्टिफोलिया नावाच्या बटाट्यावरून नाव दिलं होतं. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. वाफ्यात उतरल्यावर विसरलो.

शेतातलाच_मी | गुरुवार, सकाळी ७.१५

काका, ही शेवटची ओळ वाचून एकदम प्रकाश पडला. म्हणून माझा गहू शेजारच्या जुन्या वाणापेक्षाही वाईट दिसतोय का? आजोबांच्या वाणावर फोड आहेत, पण अर्धं पान तरी हिरवं आहे. माझ्याकडे पानच उरलं नाही.

जुना_पैदासकार | गुरुवार, सकाळी ७.४०

बघितल्याशिवाय छातीठोक सांगत नाही. पण लक्षण तेच.

रातराणी | गुरुवार, दुपारी ४.१५

उलट प्रकारही असतो ना? प्रतिकारक जनुकामुळेच रोग होणं?

कवकवेडी | गुरुवार, रात्री ९.००

अगदी. ओटचा व्हिक्टोरिया किस्सा. तांबेऱ्याला रोखणारा 'व्हिक्टोरिया'चा गुण १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या ओटच्या वाणांत भरभरून वापरला गेला. आणि मग भलत्याच एका बुरशीने ती शेतं जाळली. ही बुरशी मेलेल्या पेशींवर जगणारी. तिचं विष नेमकं तांबेऱ्याला ओळखणाऱ्या यंत्रणेलाच डिवचतं, आणि झाड सवयीप्रमाणे स्वतःच्या पेशी मारतं. तांबेऱ्यासाठी जे विष, ते हिच्यासाठी जेवण. तांबेऱ्याविरुद्धचा गुण आणि या रोगाची संवेदनशीलता वेगळी करायचे सगळे प्रयत्न फसले.

गव्हाच्या करप्याची कथा याहून विचित्र. करपा आणणाऱ्या या बुरशीच्या रायगवतावरच्या जातींना रोखणारं एक जनुक बऱ्याच गव्हांत होतं, पण ते आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं, कारण गव्हाला करपा होतच नव्हता. ब्राझीलमध्ये ते जनुक नसलेला एक वाण खूप पसरला. १९८५मध्ये पाराना राज्यात गव्हावर पहिल्यांदा करपा दिसला. पुढे २०१६मध्ये तो बांगलादेशात पोचला. असलेला प्रतिकार मोडणं एक, आणि आपल्याकडे काय होतं हे न कळताच ते हरवणं दुसरं.

बांधावरून | शुक्रवार, सकाळी ९.३०

सगळं वाचलं. ज्ञानात भर पडली पण मूळ उपायावर कोणीच बोलत नाही. एकाच वाणाने सगळं रान भरलं हा रोग आहे, तांबेरा हे लक्षण. मिश्र पेरणी करा. चीनमध्ये युनानला भाताच्या करप्याला बळी पडणारा चिकट भात आणि प्रतिकारक भात ओळींनी मिसळून लावला. २०००मध्ये निष्कर्ष आले: चिकट भातावरचा करपा एकट्या पेरणीच्या तुलनेत ९४ टक्क्यांनी कमी, उत्पन्न ८९ टक्के जास्त. पूर्व जर्मनीने १९८४ ते १९९० दरम्यान सातूच्या वाणांची मिश्रणं पेरून भुरी ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. ना नवं जनुक, ना फवारा.

जुना_पैदासकार | शुक्रवार, सकाळी १०.५०

आकडे खरे आहेत आणि तत्त्वही. पण सरसकट नको. युनानमध्ये उंच-बुटका फरक होता, हवा खेळती राहिली, कापणी हाताने वेगवेगळी झाली. यंत्राने काढायच्या गव्हात दोन वाण एकदम पिकायला हवेत, दाणा सारखा हवा. आणि मिश्रणातले सगळे वाण एकाच जनुकावर उभे असतील (बरेचदा असतात, नावं वेगळी असली तरी) तर मिश्रण नावापुरतंच.

बांधावरून | शुक्रवार, सकाळी ११.०५

जनुकांची माहिती माहितीपत्रकावर छापा, मग बघू कोण कसं मिसळतं ते. 'तांबेरा प्रतिकारक' एवढ्यावर शेतकऱ्याने काय ठरवायचं?

जुना_पैदासकार | शुक्रवार, सकाळी ११.१२

या मुद्द्यावर निरुत्तर.

शंकासुर | शुक्रवार, दुपारी १२.४०

आणि एकाच वाणात पाच-सहा जनुकं भरली तर? ताईंच्या गणिताप्रमाणे सगळी एकदम मोडायची शक्यता शून्यवत.

कवकवेडी | शुक्रवार, रात्री ९.२५

करतात. २०२१मध्ये काळ्या तांबेऱ्याविरुद्धची पाच जनुकं एकाच तुकड्यात जोडून गव्हात बसवली गेली, म्हणजे पुढच्या संकरात ती विखुरत नाहीत. अट एकच, आणि तीच पाळली जात नाही: त्या पाचांपैकी कोणतंही एकटं दुसऱ्या वाणात पेरलेलं नको. एकेकटी भेटली की बुरशी एकेक पायरी चढते. पाच एकदम ओलांडणं अशक्य, पण पाच पायऱ्यांचा जिना म्हणजे काहीच नाही. शिवाय गणित प्रत्येक बदल स्वतंत्र आहे असं धरतं. केंद्रकं बदलणाऱ्या बुरशीला ते बंधन नाही.

शेतातलाच_मी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.३०

धागा वर काढतोय, कारण उत्तर मिळालं.

कवकवेडीताईंनी व्यक्तिगत निरोपातून सांगितल्याप्रमाणे रोगट पानं कागदी पाकिटात घालून तपासणीला पाठवली (प्लास्टिकमध्ये कुजतात, हे मला माहीत नव्हतं). सोबत एक जास्तीची गोष्ट पाठवली. पहिल्या वर्षीच्या पिशवीतलं मूठभर बियाणं डब्यात पडून होतं, ते.

तपासणी करणाऱ्यांनी त्या जुन्या बियाण्याची रोपं दोन कुंड्यांत वाढवली. एकीवर त्यांच्याकडे जपून ठेवलेला काही वर्षांपूर्वीचा तांबेरा सोडला, दुसरीवर माझ्या शेतातला. पहिल्या कुंडीतल्या पानांवर नुसते फिकट ठिपके. दुसरीत दहा-बारा दिवसांत नारिंगी पूड. बियाणं एकाच मुठीतलं. दोन्ही कुंड्यांचे फोटो शेजारी शेजारी पाठवलेत. मी ते ज्याने 'दम संपला' म्हटलं होतं त्या प्रत्येकाला दाखवतोय.

पुढच्या हंगामासाठी दोन वाण सुचवलेत. त्यातला एक पूर्ण स्वच्छ आणि एक 'थोडे फोड येतील' असा. लोक अर्थातच पहिला मागताहेत.

जुना_पैदासकार | रविवार, रात्री ८.५५

मोठं रान त्या 'थोडे फोड येतील' वाल्या वाणाला द्या. आणि डब्यात बियाणं उरलं असेल तर कोरडं, थंड जागी ठेवा. हा वाण पेरायचा बंद झाला की या बुरशीला मिळणारी सवलतही संपते. कधी कधी जुनी जात परत येते.

शेतातलाच_मी | रविवार, रात्री ९.०२

उरलंय. सत्तर-ऐंशी दाणे असतील. आजोबांकडून त्यांच्या वाणाचंही किलोभर मागून ठेवलंय, ते हसले.

चहाटळ | रविवार, रात्री ९.१०

ते गेली चार वर्षं हसायची वाट बघत असणार.